दोनदा रद्द केलेला टायमर

कोरेगावची अक्षता घरी बसून एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर, काम करायची. गेल्या उन्हाळ्यात तिने जुन्या नेटवर्क कार्डाच्या टायमरचा कोड साफ करायला घेतला. ठरावीक वेळाने ठरावीक काम कर, एवढंच टायमरला सांगायचं; पण इथे त्यासाठी दीडशे ओळी होत्या. तिने त्या निम्म्यावर आणल्या. कार्ड बंद करताना एकच टायमर दोनदा रद्द केलेला दिसला, तेव्हा दुसरी ओळ तिने बेधडक उडवली.

चार दिवसांत एका वापरकर्त्याची तक्रार आली. कार्ड बंद करताना पन्नासात एखाद्या वेळी अख्खं मशीन गोठत होतं. तिचा बदल मागे घेतला गेला.

तिच्या मशीनवर मात्र काहीच होईना. शेवटी तिने कोडमधल्या बदलांची जुनी नोंद काढली. ती ओळ चौदा वर्षांपूर्वी जयराज थोरात नावाच्या माणसाने लिहिली होती. चौकशी करता कळलं, ते आता इस्लामपूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. ती एसटीने गेली.

"काका, हे दोनदा कशाला?" तिने लॅपटॉप पुढे केला.

जयराजनी तांब्याची तार बाजूला ठेवली आणि बराच वेळ वाचत राहिले.

"टायमर वाजला की एक काम रांगेत लावतोय. आन् ते काम संपताना टायमर परत लावतंय. व्हय का न्हाई?"

"हो."

"मग तू टायमर रद्द केलास, काम संपायची वाट बघितलीस. तेवढ्यात त्या कामानं टायमर परत लावला तर? कार्ड गेलं आन् टायमर जिता. तो नसलेल्या कार्डाला हात घालतोय आन् मशीन गोठतंय. म्हणून परत रद्द करायचा. वर कारण लिहायला पायजे हुतं, पण ते लय ओबडधोबड दिसत हुतं. लाज वाटली."

लिहिणारा गबाळा असणार, असं अक्षताने धरलं होतं.

"आता टायमर कायमचा बंद करता येतो," ती म्हणाली. "मग कुणी लावायला गेलं तरी लागत नाही."

"मग तेच घाल की. माझी ओळ कशाला ठेवतीस?"

या वेळी तिने बदलासोबत कारणही लिहिलं. तुमचं नाव घालू का, म्हणून जयराजना फोन केला.

"घाल. इंग्रजीत आडनावात दोनदा एच न्हाई, एकदाच हाय, बघ."

तक्रार करणाऱ्याने दोन हजार वेळा कार्ड बंद करून पाहिलं. मशीन गोठलं नाही. नवव्या दिवशी बदल स्वीकारला गेला.