बुलेटचा उपवासकाळ

"बुलेटला सकाळ-संध्याकाळ मोजून दिलेल्या खाण्याव्यतिरिक्त कणभरही काही दिले जात नाही, आणि त्याला दररोज नदीकाठापर्यंत फिरवून आणले जाते." हे निवेदन माझे थोरले बंधू जॉर्ज यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर प्रसिद्ध केले. खाली नाव होते आणि नावाखाली 'सेक्रेटरी, पास्टोरेट कमिटी' असा हुद्दाही होता. कुत्र्याच्या आहाराशी चर्चच्या कारभारातल्या त्या हुद्द्याचा काय संबंध, हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही.

निवेदन सुबक होते. त्याला अडचण एकच, ती म्हणजे खुद्द कुत्रा. लॅब्रॅडॉर हा काही ऊन-पाण्यावर वाढणारा भोपळा नव्हे. निरोगी कुत्र्याच्या बरगड्या हात फिरवताच बोटांना लागतात, आणि वरून पाहिले तर बरगड्यांनंतर कंबर आत गेलेली दिसते. बुलेट वरून लोडासारखा दिसत होता, आणि त्याच्या बरगड्या ही केवळ श्रद्धेने मानायची गोष्ट उरली होती. राहिला नदीकाठ. रोज डांबरावर आणि मुरुमावर चालणाऱ्या जनावराची नखे आपोआप झिजतात. बुलेटची नखे फरशीवर टकटक वाजत. त्याच्या वेगावरून ठेवलेले ते नाव आता निव्वळ इतिहासजमा झाले होते.

हे सर्व मला दिसत होते. पण बुलेट माझ्या भाचीचा, जॉर्जदादांच्या शॅरनचा, आणि ती डोळ्यांपेक्षा वडिलांच्या शब्दावर अधिक विसंबणारी. ती दौंडला माझ्याजवळ राहते, कुरकुंभच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पाळीने काम करते आणि तपासल्याशिवाय एकही नमुना पुढे जाऊ देत नाही. माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली, तिची पाळी बदलली, आणि लेंटच्या, म्हणजे इस्टरपूर्वी चाळीस दिवस आवडीचे काही सोडण्याच्या उपवासकाळाच्या, सुरुवातीला तिने बुलेटला शिरूरला, जुन्या मिशन कंपाउंडात वडिलांकडे ठेवले. सुट्टीला गेली तेव्हा त्याला उठून तिच्यापर्यंत येता आले नाही. मागचे पाय घसरत होते आणि चार पावलांत धाप लागत होती. तिने विचारले, वडिलांनी गटावर ते निवेदन टाकले, आणि ती बुलेटला दौंडला घेऊन आली.

दौंडच्या पशुवैद्यांनी आहार विचारला. शॅरनने निवेदन शब्दशः ऐकवले. ते खरे मानले तर निष्कर्ष अटळ होता. इतके कमी खाऊन जे अंग असे फुगते, त्यात हृदयाचा विकार असावा, नाहीतर पोटात पाणी किंवा गाठ. डॉक्टर म्हणाले की पुण्याला नेऊन तपासण्या करा आणि मनाची तयारी ठेवा.

शॅरनने तयारी ठेवली. कामावरून आली की त्याच्या पोटावर हात ठेवून फरशीवर पडून राही. जेवण जवळजवळ सुटले. तपासण्यांचे निकाल यायच्या आधीच तिने मला विचारले की त्याला असे तडफडत ठेवणे क्रूरपणा नाही का, आणि इंजेक्शन देऊन झोपवतात तेव्हा आपल्याला जवळ बसू देतात का. त्याच संध्याकाळी तिने वडिलांना फोन करून रडतरडत पुन्हा एकदा विचारले. तिकडून निवेदनाचीच पुनरावृत्ती झाली. शेवटी प्रार्थनेचे आश्वासन जोडलेले होते.

इस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात निकाल आले. हृदय ठीक, रक्त ठीक, पोटात चरबीखेरीज काही नाही. शॅरन कामावर होती म्हणून मीच गेले; डॉक्टरांनी माझ्यासमोर कागद दोनदा चाळले आणि चष्मा काढला. "मॅडम, एक तर हा हवेवर जगतो, नाहीतर तुमच्या घरात कोणीतरी खोटं बोलतंय. हवेवर जगणारा कुत्रा मी अजून पाहिलेला नाही."

मी शॅरनला कळवले. ती फोनवर बराच वेळ हसत-रडत राहिली. मग म्हणाली, "आत्या, ठेवते गं. भूक लागलीय, कँटीन बंद होईल." कित्येक दिवसांत मी इतके समाधानकारक वाक्य ऐकले नव्हते. डॉक्टरांचा उपचारही तितकाच साधा होता. खाणे मोजून आणि कमी, भूक भागवायला उकडलेला दुधी, तळलेले आणि गोड बंद, सुरुवातीला सावलीतून थोडेसे चालणे आणि पाय सावरले की मग लांब फेरी. आज त्या बरगड्या पुन्हा बोटांना लागतात, आणि शॅरनला पाहून तो आधी धावतो, मग शेपूट हलवतो. पण त्या दिवशी प्रश्न उपचाराचा नव्हताच. बुलेटला परत पाठवते आहे, एवढेच दादांना कळवून मी गाडी केली, त्याला तीत घातले आणि शिरूर गाठले.

जॉर्जदादा चर्चमध्ये सभेला गेले होते. मी ओसरीवर पुस्तक उघडून बसले. चार वाजले तसा बुलेट धापा टाकीत उठला आणि, चर्चचे पाळक घरभेटींना निघावेत तशा गांभीर्याने, दारोदार निघाला; मी मागोमाग गेले. शेजारच्या मेरीबाईंनी दार उघडले आणि ताटलीतले मटण त्याच्यापुढे ठेवले. मी विचारल्यावर त्या मुळीच दचकल्या नाहीत.

"लेंटमध्ये मी मटण सोडलंय ना," त्या म्हणाल्या. "पोरांसाठी शिजवावंच लागतं. माझा वाटा टाकायचा म्हंजी पाप. मुकं जनावर तरी तृप्त होईल. मी एकटीच देते हो त्याला, बिचाऱ्याला."

पुढच्या दारी क्रीमरोल सोडलेला होता, त्यापुढच्या दारी सायीचे दही. प्रत्येक घर त्यागी होते आणि प्रत्येकाला वाटत होते की या बिचाऱ्याला आपणच एकटे देतो. सगळ्या कंपाउंडाचा संयम एकाच पोटात साठत होता. या माणसांवर मला रागावता आले नाही. त्यांनी कोणतेही निवेदन काढले नव्हते.

दादा आले ते बेकरीची पुडी घेऊन. मी स्वयंपाकघरात जाळीच्या दाराआड उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी बशीत खारी मांडली. तुपकट, खुसखुशीत, लहानपणापासून त्यांचा जीव असलेली. बशी समोर ओढली, डोळे मिटले, ओठ हलले. बुलेट आधीच गुडघ्याशी येऊन तोंड उघडून बसला होता. त्याला पाठ झालेला हा विधी काही आजचा नव्हता. 'आमेन' झाले आणि पहिली खारी त्याच्या तोंडात गेली.

मी दार ढकलले, शॅरनला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन बशीशेजारी ठेवला. "दादा, तिने तुम्हाला दोनदा विचारलं होतं," एवढेच बोलले. शॅरननेही आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "पप्पा, मी त्याच्या इंजेक्शनची चौकशी केली होती."

दादांनी हातातली खारी बशीत ठेवली. निवेदनाची सारी भाषा गळून पडली आणि आमच्या आईबरोबर बोलायचे ती बोली तोंडात आली. ते जे म्हणाले ते शब्दशः असे:

"मीच देत व्हतो बाळा. मी खारी सोडली, पण समोर नसलेली वस्तू सोडली तर तो कसला त्याग, असं वाटायचं, म्हणून रोज आणत व्हतो. आन् परत डब्यात ठेवली असती तर रात्री उठून मीच खाल्ली असती, मला माझं ठाऊक हाय. नदीवर एकदा नेला तवा बाजारात लोक विचारायला लागले, सेक्रेटरीसाहेब, याला चारता काय? मग न्यायचंच बंद केलं. तू रडलीस त्या दिवशी सांगणार व्हतो. पण इस्टर आठवड्यावर आला व्हता. म्हटलं, तवर निभंल."