राहिलेली पट्टी

देचम्माने चष्मा पदराने पुसला, कागदावर बोट फिरवत आपली रेघ शोधली आणि सही केली.

"त्र्याहत्तरावी," सोमय्या म्हणाला. तो तिचा थोरला दीर. कुळातला सर्वांत वडील माणूस, म्हणून थोरल्या घराची देवखोली आणि तिची किल्ली त्याच्याकडे. त्यांच्या कोडवा जमातीला बंदुकीसाठी परवाना लागत नाही ही जुनी सूट काढून घ्या, असा अर्ज कुणीतरी कोर्टात टाकला होता. त्या अर्जाविरुद्ध सोमय्या आठवडाभर घरोघर फिरून सह्या गोळा करत होता.

देचम्माने पेनाला टोपण लावलं.

"आता माझं एक ऐका, अण्णा."

"बोल की."

"कैलपोदच्या सणाला यांची बंदूक यांच्या हातात देऊ नका."

सोमय्याने कागद घडी करता करता तसाच धरला. "आणि आत्ता सही केलीस ती कशावर?"

"बंदूक ठेवायच्या हक्कावर. तो आपला आहेच. मी स्वतः भातात घुसलेलं डुक्कर पाडलंय, सणाच्या नेमबाजीत नारळ फोडलाय. मला काय बंदुकीचं वावडं? सध्या यांच्या हातात नको, एवढंच म्हणते."

"नारळ फोडलास त्याला बावीस वर्षं झाली," आतून कॉफी घेऊन आलेली पोन्नव्वा म्हणाली. सोमय्याची बायको ती. "करवंटी अजून मिरवते ही."

कुणी हसलं नाही, तशी पोन्नव्वाही पेले ठेवून खांबाला टेकून उभी राहिली.

"यांनी घड्याळ शेजारच्या नंजप्पाला देऊन टाकलं," देचम्मा म्हणाली. "कुत्री देऊन टाकली. लग्नातली चांदीच्या मुठीची सुरी पुतण्याला दिली. मागितली नव्हती त्याने. माणूस आवराआवर करतोय, अण्णा."

"त्याच्या दोस्ताने, बेलिअप्पाने केलं म्हणून काय सगळेच करतील? आणि ज्याला जायचंच आहे त्याला विहीर काय कमी आहे?"

"विहिरीपर्यंत चालत जावं लागतं. तेवढ्या वाटेत माणसाचं मन फिरतं. बंदुकीला वाट नसते."

सोमय्याने कागदाची घडी पुरी करून खिशात घातली. मग म्हणाला, "सोमय्याच्याच घरात सख्ख्या भावाची बंदूक अडवली, हे बाहेर गेलं तर त्या अर्जवाल्यांना आणखी काय पाहिजे? आणि उत्तय्याला मी कुठल्या तोंडाने सांगू, की आजपासून तुला पुरुषात मोजत नाही म्हणून?"

"तसं कुठं म्हणते मी?"

"तू म्हणत नाहीस. पण ऐकणारा तेच ऐकेल."

ते खरं होतं. देचम्माने कॉफी संपवली आणि ती उठली.

त्या खोऱ्यात बंदूक बोलते. घरात मुलगा झाला की एक बार, माणूस गेलं की लागोपाठ दोन. डोंगराच्या पलीकडून आवाज आला तरी लोक हातातलं काम थांबवून मोजतात, आणि आकड्यावरून ठरवतात की गूळ घेऊन जायचं की पांढरं नेसून.

यंदा कॉफी फुलली, सगळे उतार पांढरे झाले, त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी नऊच्या सुमाराला बेलिअप्पाच्या घराकडून एक बार ऐकू आला. उत्तय्या ओसरीवर कॉफी पीत होता. बेलिअप्पा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि बेलिअप्पाच्या सुनेचे दिवस भरत आलेले. उत्तय्या मोठ्याने हसला. "झाला रे झाला, म्हातारा आजोबा झाला," असं म्हणाला. कॉफी सावकाश संपवली, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, देचम्माकडून गुळाची ढेप बांधून घेतली. तो फाटकापर्यंत पोचला असेल नसेल, तेव्हा आणखी दोन बार झाले.

एका घरातून एका सकाळी तीन. तीनचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता.

पहिला बार बेलिअप्पाने स्वतःवर केला होता. घरची माणसं बागेत लांब होती, त्यांनाही वाटलं दुसऱ्या कुणाच्या घरी पाळणा हलला. लगेच कुणी पोचलं असतं तर कदाचित वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.  एकदा, जेवताना घास हातात धरून, उत्तय्या देचम्माला म्हणाला होता, "मी दाढी केली गं." तेव्हापासून त्याची दाढी तशीच वाढत होती.

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, लागली. आवणी लागली की बंदुका देवखोलीत जातात. चिखलात राबणाऱ्या हातांनी शिकार करायची नाही, हा त्यांचा नेम. कुळातल्या नऊच्या नऊ बंदुका सोमय्याने भिंतीशी उभ्या केल्या आणि कुलूप घातलं. ते दोन महिने देचम्मा शांत झोपली. कैलपोदला, आवणी उरकल्यावर, त्या पुन्हा बाहेर येणार होत्या.

सगळ्यात मोठ्या वावराची आवणी शेवटी. त्याच्या मधोमध दहा हात रुंदीची पट्टी मोकळी सोडतात, या बांधापासून त्या बांधापर्यंत. बाकी सगळं लावून झालं की त्या पट्टीत पुरुष चिखलातून धावतात. पहिल्याला केळीचा घड. मग बायका पट्टीही लावून टाकतात आणि आवणी झाली म्हणायची. यंदा, देचम्मा सोमय्याशी बोलून आली त्यानंतर थोड्याच दिवसांत, गावचे सहा जण धावले. ज्याचं वावर, तो उत्तय्या घरातून आलाच नाही.

धाव संपली. बायका रोपांच्या जुड्या घेऊन पाण्यात उतरल्या. मुत्ती म्हातारीने गाणं उचललं:

*रोप रोपाला सांगे, उभं राहा गं बाई,*
*पाणी हलतंय तोवर मूळ धरत नाही.*

बांधावर उभी असलेली देचम्मा ते ऐकत होती. पहिली जुडी सुटणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पट्टी राहू दे."

मुत्तीने कंबर सरळ केली. "राहू दे म्हणजे? उद्या?"

"उद्याही नको. मी सांगेन तेव्हा."

"अव्वा, भांगातलं कुंकू अर्धं लावून ठेवावं तसं दिसेल की ते."

"दिसू दे."

"रोपं म्हातारी होतील."

"तू झालीसच ना? अजून उभी आहेस."

बायका हसल्या. रोपांचा एक वाफा मागे राखला गेला, आणि पट्टीत नुसतं पाणी राहिलं. वाऱ्याने दोन्ही बाजूंचं भात हलायचं, मधलं आभाळ तेवढं हलायचं नाही.

कैलपोदच्या सकाळी सगळं कूळ थोरल्या घरी जमलं. आत तांदळाचे गोळे वाफेला लागले होते, डुकराचं मांस मोठ्या टोपात रटरटत होतं. बंदुका तेल लावून, चंदन लावून देवखोलीच्या दाराशी मांडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या नळीत कळलावीचं लाल-पिवळं फूल खोचलं होतं. ते फूल त्याच दिवसांत फुलतं आणि तिथे त्याला बंदुकीचं फूलच म्हणतात.

सोमय्या एकेकाला नावाने बोलवायचा आणि विचारायचा, "आवणी झाली?"

पुढचा म्हणायचा, "झाली," आणि दोन्ही हात पुढे करायचा.

प्रश्न विचारायची रीत होती, म्हणून विचारला जायचा. कुळातल्या निम्म्यांनी भात केव्हाच सोडलं होतं. बेंगळुरूहून आलेला पुतण्या, कुट्टप्पा, त्याच्या चौथ्या मजल्यावर तुळसही जगत नव्हती. तोही "झाली" म्हणाला आणि बंदूक घेऊन बाजूला झाला.

"उत्तय्या."

उत्तय्या पुढे आला. सणाचा काळा झगा अंगावर लोंबत होता. मागच्या वर्षी तोच झगा अंगाला घट्ट बसला होता. त्याची नजर बंदुकीवर होती, दुसरीकडे कुठेच नव्हती.

"आवणी झाली?"

"झाली." त्याने हात पुढे केले.

"पट्टी राहिली आहे," बायकांच्या रांगेतून देचम्मा म्हणाली.

क्षणभर कुणाला कळेना कोण बोललं. मग कुट्टप्पा म्हणाला, "कळलावीचं फूल बंदुकीला लावलंय की काकीच्या अंबाड्याला?" हसण्याची एक लाट ओसरीभर गेली.

देचम्मा हसली नाही. "मोठ्या वावरातली पट्टी. रोपं शिल्लक आहेत, पण लावलेली नाहीत. कुणीही जाऊन बघा."

"अगं, पट्टीभर राहिली तर काय झालं?" कुणीतरी म्हणालं. "द्या हो अण्णा, जेवण निवतंय."

बंदूक सोमय्याच्या दोन्ही तळव्यांवर आडवी होती. उत्तय्याची बोटं तिच्यापासून वीतभर लांब. सोमय्याने भावाची ती बोटं पाहिली. नखं वाढलेली होती, आणि घड्याळ बांधायच्या जागी मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. त्याने देचम्माकडे पाहिलंच नाही.

"राहिली असेल तर नाही झाली," तो म्हणाला.

"अहो अण्णा, रीत ती नुसती..."

"नुसती?" सोमय्याचा आवाज चढला नाही. "मी तालुक्यात काय सांगतोय रोज? आमच्या बंदुकीला सरकारचा कायदा लागत नसला तरी आमचा लागतो, हेच ना? मग आज माझ्याच दारात तो नुसता झाला?" त्याने बंदूक देवखोलीत नेऊन भिंतीशी उभी केली. फूल नळीतच होतं. "उत्तय्या, आवणी उरक आणि ये. किल्ली कुठं जात नाही."

उत्तय्याने हात खाली घेतले. जेवणाच्या पंगतीत तो बसला आणि सगळ्यांच्या आधी उठला. घरी जाताना वाटेवर तो देचम्माच्या पुढे दहा पावलं चालत होता. तिने ते अंतर कमी करायचा प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धोतर खोचून मोठ्या वावरात उतरला. एकटा. देचम्मा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिच्या हातात आता काही उरलं नव्हतं. तिने मागितली ती मुदत होती, आणि मुदत तर तो स्वतःच्या हातांनी कमी करत होता. म्हाताऱ्या रोपांचे शेंडे खुडून तो तीन-तीन काड्या चिखलात रोवत होता, मागे सरकत होता, पुन्हा वाकत होता. दुपारी ती भाकरी घेऊन गेली. त्याने बांधावर बसून ती खाल्ली. चिखलाने माखलेल्या हाताने कपाळ पुसलं, तर तिथे एक काळा पट्टा उमटला. 

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना तो वर आला. देचम्मा न्हाणीच्या दगडाशी पाणी घेऊन उभी होती. तिने पहिला तांब्या त्याच्या पायांवर ओतला.

"झाली?"

"दोन हात राहिली."

"रोपं कमी पडली?"

"नाही. रोपं आहेत."

तो एका पायाने दुसरा पाय चोळत राहिला. बोटांमधला चिखल निघायला वेळ लागत होता.

"यंदा राहू दे तेवढी," तो म्हणाला.

देचम्माने तांब्या पुन्हा बुडवला. पाणी ओतताना थोडं त्याच्या धोतरावर सांडलं. तो सरकला नाही.