मेले नव्हते, झाकले गेले होते!

मित्रांनो, मी जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी, मेलेली नव्हे. हे आधीच ठणकावून सांगते, कारण मला जिवंतपणी भंगारात काढायला निघाले होते.

कारखान्यातून निघाले ती थेट एका वाचा-उपचार केंद्रात आले. तिथल्या बाई घशाच्या ऑपरेशनआधी रुग्णांचा आवाज टिपून माझ्याकडे ठेवत. पुढे वाचा गेलीच, तर बोलक्या यंत्रात तोच आवाज भरता येई. "हिच्यावर माझा डोळे मिटून भरवसा," असं बाई म्हणत. मीही कधी एक शब्द सांडला नाही.

मग बाईंच्या धाकट्या दिरांनी माझ्या शेजारी नवी, मोठी डिस्क बसवली आणि 'रुग्ण' हे फोल्डर तिच्यावर ठेवलं; त्यातलं 'आवाज' तेवढं माझ्याकडेच राहिलं. दुसऱ्याच दिवशी लिलाव पुकारणारे एक काका बायकोसोबत आपला आवाज न्यायला आले. त्यांची स्वरपेटी काढली होती. बाईंनी 'रुग्ण' या फोल्डरमधलं 'आवाज' उघडलं. रिकामं! काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"वहिनी, जुनी डिस्क गेली. वय झालं तिचं," म्हणत दिरांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, मी इथे गरगर फिरतेय आणि तुम्ही मला मूठमाती देताय?

बाई आडव्या आल्या. "भावोजी, परवापर्यंत ती धडधाकट होती. नवी आली आणि ही लगेच गेली? हात लावायचा नाही. आधी नीट बघा."

भावोजी चडफडत संगणकापुढे बसले. कोणती डिस्क कुठे जोडली गेलीय, ते वाचता वाचता त्यांनी जीभ चावली.

"घोळ माझाच, वहिनी. 'आवाज' हे 'रुग्ण'च्या आत. म्हणून आधी 'रुग्ण'ची नवी डिस्क जोडायची, मग तिच्या आत जुनी. इथे संगणक सुरू होताना जुनी आधी जोडली जाते आणि नवी तिच्या डोक्यावर बसते. आपल्याला दिसतंय ते नवीवरचं त्याच नावाचं रिकामं फोल्डर. उशीवर गादी टाकली, तर उशी दिसणार कशी?"

त्यांनी क्रम बदलून संगणक पुन्हा सुरू केला. आधी ती, मग मी. 'आवाज' उघडलं आणि स्पीकर दणाणला, "एक वार! दोन वार! बोला, गप्प का?"

काकांनी हात उंच करून बोली लावली.

"खाली करा तो हात!" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "स्वतःचाच आवाज विकत घेताय?"

काका पोट धरून हसले, अगदी निःशब्द.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं दिसेनासं झालं म्हणजे संपलं, असं परस्पर ठरवू नका. त्याच्यावर तुम्हीच काय टाकलंय, ते उचलून पाहा. एक हाक मारा. मी ओ देईन, आणि तीही खणखणीत!