फटफटी 'हव' म्हणते

सकाळी आठलाच गुढियारीच्या त्या गल्लीत सायकल शिरायला जागा उरली नव्हती. शांताबाईंच्या अंगणात चाळीस वर्षांची काळी फटफटी उभी होती. तिच्या दिव्याला झेंडूचा हार होता, हँडलला लाल धाग्याचे वेढ्यावर वेढे होते, आणि ती चक्क बोलत होती.

"देवीदासभाऊ, तुमी हाये काय अंदर?" शेजारच्या यशवंतरावांनी हात जोडून विचारलं.

"हव," फटफटी म्हणाली.

पन्नास माणसांच्या अंगावर एकदम काटा आला. आवाज हॉर्नमधून येत होता हे खरं, पण बटणावर कुणाचा अंगठा नव्हता हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात ते 'हव'! शांताबाईंचे यजमान देवीदास रेल्वेत तीस वर्षं डबे दुरुस्त करत होते. जेवता का, चहा घेता का, सुटीच्या दिवशी कामाला येता का, काहीही विचारा, घोगऱ्या आवाजात इथला छत्तीसगढी होकार ठरलेला. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

हा चमत्कार घडवला होता अभनपूरच्या वाहनानंद महाराजांनी. उजवा हात गाडीच्या बाजूच्या पेटीवर आशीर्वादासारखा ठेवून ते प्रवचन देत होते. "देखो भक्तों, आत्मा पेट्रोल के समान है. दिखता नहीं, पर गाड़ी उसी से चलती है. और शरीर? शरीर तो केवल टंकी है!"

लोकांनी माना डोलावल्या. आपलीही टंकी रिकामी होत चालली आहे, या विचाराने दोघी-तिघींनी डोळे पुसले.

चेतना ड्यूटीवरून आली तेव्हा तिला स्वतःच्याच घरात शिरायला धक्काबुक्की करावी लागली. देवीदासांची ही एकुलती एक लेक रेल्वेतच इलेक्ट्रिशियन होती. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून तिने मागच्या महिन्यात नवी बॅटरी बसवली होती. दर रविवारी विहारात वंदनेला जाणाऱ्या, आत्मा-बित्मा काही नसतो हे लेकीला लहानपणीच शिकवणाऱ्या आईच्या अंगणात आता अगरबत्तीचा धूर कोंडला होता.

"अहो, जेवले काय जी?" शांताबाई गाडीला विचारत होत्या.

"हव."

आईच्या चेहऱ्यावर दीड वर्षानंतर हसू होतं. चेतना गर्दीतून वाट काढत गाडीपाशी गेली.

मग महाराजांनी डोळे मिटून विचारलं, "देवीदास, आश्रम की सेवा में चलोगे?"

"हव."

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो तयारच होता. दोन शिष्य दोर घेऊन पुढे सरसावले.

"थांबा," चेतना म्हणाली. "मले पण बोलाचं हाये बाबांशी."

"बोल ना पोट्टे, हक आहे तुझा," यशवंतराव म्हणाले.

"बाबा, मले ओळखता काय?"

"हव."

"मी तुमचा मोठा पोट्टा नीलेश होय काय?"

"हव."

कुणीतरी फिसकन हसलं. देवीदासांना मुलगाच नव्हता.

"हे महाराज लबाड हायेत काय?"

महाराजांनी चटका बसल्यासारखा हात उचलला, आणि तिथेच घात झाला. मनगटातली रुद्राक्षांची माळ पेटीच्या झाकणात अडकली. ते हात ओढत, माळेने उचललेलं झाकण परत पेटीवर आपटे, आणि फटफटी म्हणे, "हव! हव! हव! हव!" शिष्यांनी कंबर धरून महाराजांना मागे खेचलं तशी गाडी आणखीच जोरात कबुली देऊ लागली. शेवटी माळ तुटली, रुद्राक्षं अंगणभर उडाली आणि महाराज टेम्पोच्या दिशेने पळत सुटले. पुन्हा आले नाहीत, दोर न्यायलासुद्धा नाहीत.

चेतनाने कात्रीने हँडलवरचा, महाराजांनी गुंडाळलेला लाल धागा कापला. खाली हॉर्नचं बटण होतं, धाग्याने करकचून दाबून ठेवलेलं. मग तिने पेटीचं झाकण काढलं आणि आतली बोटाच्या पेराएवढी काचेची नळी लोकांना दाखवली.

"हा मेन फ्यूज. गाडीचा सगळा करंट यातून जाते. जुना आहे, दोन्ही टोकं हिरवी पडली, पकडणाऱ्या पट्ट्या ढिल्या झाल्या. झाकण दाबलं का फ्यूज टेकते, बटण आधीच दाबलेलं, हॉर्न वाजते. करंट धड भेटत नाही, म्हणून आवाज घोगरा."

"अन् मंग ते 'हव' काहून म्हणे?" यशवंतरावांनी चाचरत विचारलं.

"काका, हॉर्न दुसरं काय म्हणन? एकदा तरी 'नाही' म्हटलं काय त्यानं?"

चेतनाने जुन्या पट्ट्या काढून टाकल्या, तारांची टोकं घासली, आजकालच्या गाड्यांतला चपट्या पात्याचा फ्यूज नव्या खोबणीसकट जोडला आणि बटण दाबलं. असा खणखणीत भोंगा वाजला की पुढच्या रांगेतल्या बायांनी कान झाकले. तो आवाज देवीदासांचा नव्हता. कुणाचाच नव्हता.

शांताबाई पायरीवर बसल्या होत्या. चेतना जवळ गेली. "आई, राग आला काय?"

"आत्मा नसते हे मले का ठाऊक नाही?" शांताबाई म्हणाल्या. डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "तुझे बाबा सगळ्याले 'हव' म्हणत, पण गाडीची चाबी सख्ख्या भावाले द्यायचे नाहीत. आश्रमाले 'हव' म्हटलं तवाच मले समजलं. पण आवाज बंद होईल म्हणून मी बोलली नाही. भेव वाटे."

चेतनाने आईचा हात धरला. मग शांताबाई उठल्या आणि अजून रेंगाळणाऱ्या गर्दीकडे वळल्या.

"घरी जा आता. ज्याले जे विचाराचं असन, ते माणूस जिता हाये तवाच विचारा. मेलेला माणूस उत्तर देऊन राहिला असं कोणी म्हटलं, तर हात जोडू नका. त्याचा हात कुठी हाये, ते पाहा."