ओहोटीतलं माहेर

रुख्मिणीचं माहेर धरणाखाली गेलं, तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मोर्शीला संत्र्याच्या बागेत तिचा संसार फुलला, लेकरं शिकून पांगली. पण बाजारात धरणाचे मासे आले की ती मान वळवून पुढं जायची. घरचे समजत, बाईला मासळीचा वास सोसत नाही.

धाकटी आरती रत्नागिरीला कॉलेजात शिकवायला लागली आणि तिनं आईवडिलांना बोलावून घेतलं. सूर्यभान हौसेनं निघाला. रुख्मिणी लेकीला भेटायला म्हणून निघाली. समुद्राचं तिला काही नव्हतं. कोकणात गाडी बोगद्यामागून बोगदा पार करू लागली. मधेच अंधार, मधेच हिरवागार उजेड. आपण जागे आहोत की झोपेत, तेच तिला कळेना.

आरतीनं त्यांना थिबा राजवाडा दाखवला. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला इथं आणून ठेवलं आणि तो पुन्हा आपल्या मुलखात गेलाच नाही, असं तिनं सांगितलं. सूर्यभान सागवानी काम निरखत फिरला. रुख्मिणी मात्र एका खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. झाडांपलीकडे पाणी चमकत होतं. राजाला हे पाणी पाहून काय वाटत असेल, याचाच ती विचार करत होती.

दुपारी खानावळीत सुरमई आली, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं आलं. रुख्मिणीनं भातावर सोलकढी घेतली.

"माय, तू काहून नाई खात?" आरतीनं सहज विचारलं.

रुख्मिणीनं भात कालवला. मग म्हणाली, "माह्या मायच्या चुलीपाशी आता मासे फिरत असतीन. बाजारातले पायले का मले तेच दिसते."

सूर्यभानचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत त्याला हे ठाऊक नव्हतं.

उन्हं कलल्यावर तिघं भाट्याच्या किनाऱ्यावर गेली. सुरूच्या झाडांतून वारा सोसो करत होता. रुख्मिणी आधी पाण्याकडे पाठ करून बसली. बऱ्याच वेळानं वळून पाहते तर पाणी मागं सरलेलं, आणि खाडीच्या तोंडाशी ओल्या वाळूचं मोठं मैदान उघडं पडलेलं. एक कोळीण तिथं वाकून तिसऱ्या उकरत होती.

आरतीनं समजावलं की ही ओहोटी, इथं रोजचीच. रुख्मिणी ऐकत होती की नाही कोण जाणे. त्यांच्याकडचं धरण उन्हाळ्यात आटायचं, पण तिचं गाव खोलातच राहायचं. ती चपला काढून वाळूवर उतरली आणि चालत सुटली.

बरीच आत गेल्यावर ती थांबली आणि टाचेनं एक लांब रेघ ओढू लागली. सूर्यभान मागोमाग आला. रेघ कुठं वळते ते पाहू लागला.

"हे वेस," ती म्हणाली. "हा मारुती. इकडून आमची गल्ली."

"अन् आपला मांडव?"

"तिकडं. इहिरीच्या पल्याड."

सूर्यभान तिथं जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "नाई वं. इहीर डाव्या हाताले होती. मी घोड्यावरून पायली होती."

तिला हसू आलं. विहीर पुसून तिनं डाव्या हाताला काढली. दोघं त्या गल्लीतून हळूहळू फिरत राहिली, कोणाचं घर कुठं ते ठरवत. आकाश केशरी झालं होतं आणि तेच ओल्या वाळूतही उतरलं होतं.

कोळणीनं पाटी उचलली. भरती लागली, आता माघारी चला, पाणी मागून वेढतं, असं ती बजावून गेली. पाण्याची पातळ झालर आली आणि वेस पुसली गेली. सूर्यभाननं रुख्मिणीचा दंड धरला, पण ती घाई करेना. गाव बुडालं तेव्हा ती सासरी होती. तिला दाखवायला कोणी नेलं नव्हतं. आज तिनं मारुती जाताना पाहिला, गल्ली जाताना पाहिली. घोटे भिजल्यावर मग ती वळली.

सुरूंखाली बसून लुगड्याचा काठ पिळता पिळता ती आरतीला आजोळाबद्दल सांगू लागली. आजोबांच्या बैलांची नावं, गोठ्यामागचं बोरीचं झाड, पावसात गळणारी ओसरी. आरतीनं यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं.

अंधारू लागलं तेव्हा आरती म्हणाली की उद्या किल्ल्यावर जायचं आहे, दीपगृह पाहायचं आहे.

"जाऊ," रुख्मिणी म्हणाली. "पण आधी पाणी कवा उतरते, ते कोणाले तरी इचारून ठेवजो."