नाव घेऊन केलेली प्रार्थना

राजूरच्या पत्र्याच्या चर्चमध्ये बेबीताईंसारखी प्रार्थना कुणाला जमत नाही, हे सगळेच मान्य करत, आणि सगळ्यांत आधी खुद्द बेबीताई. डोळे मिटले की त्यांच्या आवाजाला असा ओलावा येई की खाणीतली शिफ्ट संपवून आलेला माणूसही झोप विसरे.

चर्चमधल्या रंजिताने एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात रडत सांगितलं की नवरा परत प्यायला लागलाय. बाप्तिस्मा घेताना तिच्या नवऱ्याने, रजतने, दारू सोडली होती आणि चर्चभर त्याचं कौतुक झालं होतं. "कोणाले सांगू नका ताई," एवढंच तिने मागितलं. बेबीताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

आणि त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते देवाला, बुधवारच्या उपासप्रार्थनेत, माईकवर. आमच्या रजतभाऊले पुन्हा लागलेल्या बाटलीतून सोडव, असं नावानिशी, गहिवरून. लोकांनी डोळे उघडले आणि सगळे दाराजवळ बसलेल्या रजतकडे बघू लागले. तो चपला हातात घेऊनच निघून गेला. मागोमाग रंजिता. त्यानंतर दोघं चर्चची पायरी चढले नाहीत.

कुणी विषय काढला तर बेबीताई म्हणत, मी तर प्रार्थनाच केली. उत्तर बिनतोड होतं. प्रार्थनेला कोण नावं ठेवणार?

प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर वाटण्याआधी पाळकांनी सगळ्यांना गप्प बसवलं. कुणाशी बिनसलं असेल तर आधी तिकडे जा, भाकर थांबेल, असं ते दर वेळी सांगत आणि दर वेळी कुणीच उठत नसे. त्या शांततेत बेबीताईंना आपलाच बुधवारचा आवाज आठवला. रजतचं नाव घेतल्यावर बायकांचे हुंदके ऐकू आले होते आणि आपल्याला बरं वाटलं होतं. त्यांचे कान तापले. भाकरीचं तबक समोर आलं तेव्हा हात पुढे होईना. त्या उठल्या. सगळ्यांसमोरून दारापर्यंत जाताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या थेट रजतच्या घरी गेल्या. रंजिता अंगणात कपडे वाळत घालत होती, रजत खाटेवर पडला होता. प्रभूनेच मला इकडे पाठवलं, अशी बेबीताईंनी सुरुवात केली आणि त्यांची जीभ अडखळली. आपण पुन्हा देवालाच पुढे करतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना मान वर करवेना.

"म्या पाप केलं," त्या म्हणाल्या. "प्रार्थनेच्या नावानं तुमचं दुखणं चव्हाट्यावर मांडलं. अन् मांडताना मले गोड वाटत होतं. मले माफ करा."

रंजिताने हातातला कपडा पुन्हा पिळला. "माफ केलं ताई. येशूनं मले केलं, तं मी कोण नाही म्हणणारी. पण आता तुमाले मनातलं सांगणं माह्याच्यानं होणार नाही."

बेबीताईंनी मान हलवली. तेवढी शिक्षा त्यांना कमीच वाटली.

रजत उठून बसला. तोंडाला अजून दारूचा वास होता. मी प्रार्थना करतो, म्हणाला. त्याला बेबीताईंसारखं बोलता येत नव्हतं, शब्द शोधत, थांबत तो म्हणाला, "प्रभू, या अंगणात आज जे पापी हायेत, त्यायले माफ कर."

बेबीताई जीव मुठीत धरून आपलं नाव येण्याची वाट बघत राहिल्या. रजतने ते घेतलं नाही. तो आमेन म्हणाला तेव्हा त्या तोंडाला पदर लावून रडत होत्या.