मालकांच्या नावाचं ठेसन

रेवणअप्पांना पुस्तकाशिवाय प्रवास जमत नसे. खरं तर अनोळखी माणसं समोर असली की त्यांना पुस्तकाशिवाय बसताच येत नसे. उन्हात कुणी छत्री धरावी तसं ते पुस्तक तोंडासमोर धरत. सोलापूरच्या एका कॉलेजात त्यांनी ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, तीही अशीच, आडोशाने. कुणी बोलायला आलं तर त्यांच्याकडे एक शब्द तयार असे. "हं." त्यात होकार नव्हता, नकारही नव्हता. समोरच्याने हवा तो अर्थ घ्यावा आणि आपल्याला सोडावं, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

त्या दिवशी सकाळी ते पुण्याहून परत निघाले होते. गाडी पुढे दक्षिणेत लांब कुठेतरी जाणारी. सुटायच्या जरा आधी एक धिप्पाड माणूस म्हाताऱ्या आईला हाताला धरून डब्यात आला. तिला त्याने अप्पांच्या समोर खिडकीशी बसवलं, पिशवी सीटखाली सरकवली, मोबाईल तिच्या हातात दिला. मग अप्पांच्या कपाळावरची विभूती आणि हातातलं जाडजूड पुस्तक बघून त्याचा चेहरा खुलला.

"सोलापूरपातूर का, अप्पा?"

"हो."

"लई बरं झालं. मी बिरुदेव. ही आमची आई, बनाबाई. सोलापुरात भैन उतरून घेणार हाय तिला. तिला डोळ्यानं कमी दिसतंय, तवा जरा ध्यान ठिवा." मग तो आईकडे वळला. "आये, ह्ये वाचनारं मानूस हाय. वाचनाऱ्या मानसाला झोप लागत न्हाय. काय बी लागलं तर ह्येंनाच इच्यार."

"इच्यारते की," म्हातारी म्हणाली. "तू जा आता, न्हायतर तूच येशील सोलापूरला."

गाडी सुटली. अप्पांनी पुस्तक उघडलं. बर्फाच्या डोंगरातल्या प्रवासाचं वर्णन होतं. लेखक आणि त्याचा सोबती कड्यावर दोरीने अडकले होते, आणि वादळ येत होतं.

बनाबाईला मात्र बोलायचं होतं. दौंडच्या पुढे तिने फडक्यातली भाकरी काढली आणि शेंगाची चटणी पुढे केली. अप्पा नको म्हणाले. मेंढरं आता कोण राखतंय, पोरांना पुण्यात वॉचमनची नोकरी कशी बरी वाटते, पण तिथे रात्री तारेसुद्धा कसे दिसत नाहीत, हे सगळं तिने सांगितलं. अप्पा पुस्तकामागून "हं" म्हणत राहिले. तिला तेवढं पुरत होतं. मध्येच बिरुदेवाचा फोन आला, तेव्हा ती सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशी ओरडून बोलली, "व्हय, हायती की समूर, वाचत्यात!" आणि फोन शेजारी सीटवर ठेवून दिला.

कुर्डुवाडीला बरीच माणसं उतरली. डब्याच्या त्या भागात दोघंच राहिली. तेव्हा ती पुढे सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, एक सांगायचं ऱ्हायलं. पोराला बोलले न्हाय मी, त्यो नगं म्हनला असता. आमच्या मालकांच्या नावाचं ठेसन आलं की मला सांगा. तितं उतरायचंय मला. लेकीकडं मग जाईन."

अप्पांनी पान अर्धं उलटून तसंच धरलं. मालकांच्या नावाचं ठेसन म्हणजे कुठलं? विचारायला हवं होतं. पण परक्या बाईला तिच्या नवऱ्याचं नाव कसं विचारायचं? आणि एकदा विचारलं की मग तिची सगळी कहाणी ऐकावी लागणार. कड्यावरचा दोर तर आता तुटायच्या बेतात होता. म्हातारी काहीतरी बडबडते आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"हं," ते म्हणाले.

मोहोळ गेलं. मग पुन्हा कुठेतरी गाडी सिग्नलला थांबली. बनाबाईने कपाळावर हात धरून बाहेर पाहिलं.

"पिवळं पिवळं कायतरी दिसतंय. आलं वाटतं. अप्पा, ह्येच न्हवं का?"

अप्पांनी मान वर केली नाही. खिडकीबाहेर नजर टाकायला काय लागतं? पण त्यांनी टाकली नाही.

"हं."

सीटखालून पिशवी ओढल्याचा आवाज आला, मग काठीचा, मग दूर दाराचा. गाडी हलली. ती दाराशी जाऊन उभी असेल, सोलापूर आलंच आता, असं अप्पांना वाटलं. म्हणजे वाटू दिलं. समोरच्या सीटवर तिचा फोन राहिला होता. तो वाजायला लागला. दुसऱ्याचा फोन कसा उचलायचा म्हणून त्यांनी तो वाजू दिला.

सोलापूरला गाडी थांबते न थांबते तोच एक तिशीची बाई डब्यात चढली. मागून तिचा नवरा. "आये? ए आये?" म्हणत ती सीटनंबर बघत आली आणि रिकाम्या जागेपाशी थबकली. फोन तिने ओळखला.

"अप्पा, हितं आमची आई हुती न्हवं? कुटं गेली?"

अप्पांच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले. "मला झोप लागली होती."

अनोळखी बाईशी इतकं सरळ, इतकं पूर्ण वाक्य ते क्वचितच बोलले असतील. नेमकं तेच खोटं.

तिच्या नवऱ्याने सगळा डबा पालथा घातला, संडासांची दारं वाजवली. गाडी पुढे निघून गेली. फलाटावर रेल्वे पोलीस आला. त्याने बिचाऱ्याने नीट चौकशी केली. बाई कुठे दिसली होती शेवटची? कुर्डुवाडीला होती का? मोहोळला होती का?

"झोपला होतात तुम्ही?"

"हो." दुसऱ्यांदा ते सोपं गेलं, आणि ते सोपं गेलं याचीच त्यांना भीती वाटली.

बाजूला सोनाली, म्हणजे ती लेक, भावाशी फोनवर बोलत होती. "दादा, ते म्हनतेत झोप लागली हुती." फोनमधला आवाज अप्पांपर्यंत आला, "झोप? अगं, वाचनारं मानूस हुतं की ते!"

अप्पांनी पुस्तक पाठीमागे धरलं.

त्या क्षणी सांगता आलं असतं. ती कुठेतरी उतरायचं म्हणत होती, तिने मला विचारलं आणि मी न बघता हं म्हणालो. एवढंच. पण भोवती माणसं जमली होती, सोनालीचे डोळे भरले होते, आणि अप्पांना वाटलं, हे आता बोललो तर सगळे माझ्याकडे बघतील. पोलिसाने मोहोळ आणि कुर्डुवाडीला फोन लावले. जावई मोटरसायकल घेऊन मोहोळकडे निघाला. "अप्पा, तुम्ही जावा घरी. वय झालंय तुमचं," पोलीस म्हणाला.

अप्पा गेले.

नवी पेठेच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा प्रत्येक दुकानाच्या पायरीवर त्यांना एक म्हातारी बसलेली दिसायला लागली. घरी बायकोने, दाक्षायणीबाईंनी, ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"काय झालं हो? ऊन लागलं का?"

"हं."

ते आडवे झाले. डोळे मिटले की गाडी थांबलेली दिसे. ती फलाटावर थांबली होती का? खाली फलाट होता का नुसते रूळ? हे त्यांना सांगता येत नव्हतं, कारण त्यांनी पाहिलंच नव्हतं. पुस्तकात दोर तुटला होता की नाही, हेही आठवत नव्हतं.

ऊन उतरल्यावर दाक्षायणीबाई लुगडं सारखं करत दारात आल्या. "मी जरा तुमच्या देवळाकडे जाऊन येते. आज सोमवार."

तुमचं देऊळ. लग्न झाल्यापासून त्या असंच म्हणत. विजापूर रोडवरचं रेवणसिद्धाचं देऊळ. सारं सोलापूर त्याचं नाव घेई, पण नवऱ्याचं नाव तेच म्हणून त्यांच्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं. आणि या घरात कुणालाही, मोलकरणीलासुद्धा, "तुमचं देऊळ" म्हणजे कुठलं हे विचारावं लागत नसे.

अप्पा ताडकन उठून बसले. म्हातारी बडबडत नव्हती. तिने पत्ता सांगितला होता. जितका नीट तिला सांगता येत होता तितका नीट. तिच्या घरच्या कुणीही तो ऐकताक्षणी ओळखला असता, आणि तो ऐकलेला माणूस सगळ्या जगात एकटा मी आहे, आणि मी दुपारभर पंख्याखाली पडलो आहे.

"अहो, चष्मा तरी घ्या!" दाक्षायणीबाई मागून ओरडल्या, पण ते जिना उतरले होते.

सोनाली स्टेशनवर बाकावर बसली होती, आईचा फोन ओटीत धरून. मोहोळला काही पत्ता लागला नव्हता. नवरा परत आला होता आणि आता कुर्डुवाडीला निघायच्या गोष्टी चालल्या होत्या. अप्पा तिच्यासमोर उभे राहिले. रिक्षात त्यांनी सगळं खरं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. तिने वर पाहिलं आणि ते वाक्य पुन्हा वाकडं झालं.

"मला... झोपेत ऐकल्यासारखं आठवतंय. त्या म्हणत होत्या, मालकांच्या नावाचं ठेसन आलं की सांगा. तिथं उतरायचंय."

सोनाली उभीच राहिली. "बाळे!"

नवऱ्याला काही कळेना. "बाळे काय?"

"अवो, अण्णांचं नाव बाळू न्हवं का! आई लेकराला बाळ म्हनत न्हाय, प्वार म्हनते, ध्यानात हाय न्हवं? बाळ्याच्या खंडोबाला जायची दोघं दर वर्षाला. अण्णा गेल्यापासनं कुनी न्हेलं न्हाय तिला." बोलता बोलता तिला हुंदका आला. "गाडी तितं थांबत न्हाय, म्हनून माझ्या डोक्यातच आलं न्हाय." आणि तिने वाकून अप्पांच्या पायांना हात लावला. अप्पांना पाय मागे घेता आले नाहीत.

तिघं एकाच रिक्षात बसली. बाळे सोलापूरच्या वेशीवरच. अर्धा तासही लागला नाही, आणि हेच अप्पांना सगळ्यात जास्त लागलं.

बनाबाई देवळाच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. कपाळभर भंडारा होता. लुगडं गुडघ्याशी फाटलं होतं, आणि गुडघ्यावर कुणीतरी हळद दाबली होती. तळहात सोलवटले होते. सोनालीने तिला मिठी मारली आणि लगेच रागे भरली.

"आये, मेली असतीस की गं!"

"न्हाय मेले. फलाटच न्हवता खाली, लई उंच हुतं. पाय सुटला खडीवर. काठी पलीकडं गेली. तेवढ्यात दुसऱ्या रुळावरनं गाडी आली धडाडत. म्या आपली डोकं धरून बसले मधीच." ती हे असं सांगत होती जसं मेंढरू काट्यात अडकल्याचं सांगावं. "मग एका पोरीनं आनलं हितं. मालकांचा नारळ फोडला. झालं की काम."

"मग घरला का आली न्हाईस? कुनाला तरी फोन करायला सांगायचं!"

"नंबर कुटं ठावं मला? आन् म्हनलं, कशाला? ह्या अप्पांना सांगून ठिवलं हुतं मी. ते सांगतीलच की लेकीला. म्हनून हितनं हलले न्हाय. कुनी म्हनलं ठेसनावर चला, कुनी म्हनलं चौकीत चला. म्या म्हनलं, न्हाय, आमचं मानूस येतंय."

अप्पा देवळाच्या खांबाकडे बघत राहिले. दुपारभर ती इथे त्यांची वाट बघत होती. लेकीची नव्हे, त्यांची.

"आये, झोपलं हुतं गं ते गाडीत," सोनाली म्हणाली. "झोपेत कानावर पडलेलं ध्यानात ठेवलं त्यांनी, घरनं परत आले बिचारे, म्हनून तर आमी आलो. न्हायतर कुर्डुवाडीला गेलो असतो हुडकत."

बनाबाईने मान वाकडी करून अप्पांकडे पाहिलं. तिला कमी दिसत होतं म्हणे. "झोपलं हुतं?"

"व्हय की. व्हय न्हवं, अप्पा?" सोनालीने कौतुकाने विचारलं.

अप्पांनी तोंड उघडलं. मी जागा होतो, एवढे तीन शब्द पुष्कळ होते. सोनाली बघत होती, जावई बघत होता, देवळातून बाहेर पडणारी माणसं थांबून बघत होती.

"हं," ते म्हणाले.

बनाबाईने सोलवटलेला हात लेकीच्या खांद्यावर ठेवला आणि कण्हत उठली.

"हां," ती म्हणाली. "गाडीत बी अगदी असंच म्हनलं हुतं."